सखूला कुणात सोडायचं?

सखू ही माकडीण प्राण्यांच्या आश्रय केंद्रात आली तेव्हा तिचं वजन १० किलो ६०० ग्रॅम भरलं. लाल तोंडाच्या माकडाची, म्हणजे ऱ्हीससची, मादी रानात पाच-सहा किलोची असते. वय साधारण आठ. इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी कुटुंबाला ती विजेच्या तारेखाली मरून पडलेल्या आईच्या पोटाला चिकटलेली सापडली होती. त्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. दोन वर्षांची होऊन चावायला लागली तेव्हा कमरेला चामडी पट्टा घालून गच्चीवर साखळीनं बांधली. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा नसतोच, आणि त्यामुळेच ती सात-आठ वर्षं चालतात.

शहराबाहेरच्या ज्या केंद्रात तिला वन विभागामार्फत आणलं, तिथल्या कामाची वही आफ्रिकेतल्या चिंपांझी आश्रयस्थानांच्या पद्धतींवरून उतरवलेली होती. यात तसं काही चुकीचं नव्हतं. माणसांत वाढलेल्या प्राण्याला पुन्हा आपल्या जातीत बसवायचं बरंच काम तिकडे झालं आहे: झांबियातल्या चिमफुन्शीत १९८३ पासून, युगांडातल्या व्हिक्टोरिया सरोवरातल्या एन्गाम्बा बेटावर १९९८ पासून. सखूच्या बाबतीत त्या वहीतलं अर्धं छान लागू पडलं आणि उरलेलं अंगाशी आलं.

आली तेव्हा

पहिलं काम पट्ट्याचं. लहानपणी घातलेला पट्टा अंग वाढेल तसा कुणी सैल केला नव्हता, त्यामुळे डाव्या कुशीत तो कातडीत रुतून वर मांस चढलं होतं. दिवस पावसाळ्याचे, जखमेवर माशी बसून अळ्या पडायची भीती, म्हणून दुसऱ्याच दिवशी भूल द्यायचं ठरलं. भुलीआधी रात्रभर उपाशी ठेवतात हे सगळ्यांना माहीत असतं. माकडाच्या बाबतीत एवढं पुरत नाही. ऱ्हीससच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात आणि संध्याकाळी भरलेले शेंगदाणे सकाळपर्यंत तिथे राहू शकतात. भूल चढताच ते घशात उतरून श्वास अडकतो. म्हणून केटामीनचं इंजेक्शन लागून जनावर सैल पडलं की सगळ्यात आधी बोटानं दोन्ही गाल बाहेरून दाबून पिशव्या रिकाम्या करायच्या. सखूच्या उजव्या गालातून अर्धं बिस्किट निघालं. चिंपांझीला गालात पिशव्या नसतात, त्यामुळे वहीत हा मुद्दाच नव्हता. तो पशुवैद्यांच्या लक्षात आला म्हणून निभावलं.

पट्टा कापून काढला, जखम सलाइननं धुतली. ती भरायला पाच आठवडे लागले. त्याच भुलीत तोंड तपासलं. चावू नये म्हणून चारही सुळे कधीतरी कानशीनं घासलेले होते. सुळा असा कापला की आतली नस उघडी पडते, मुळाशी पू होतो आणि जनावर महिनोन्महिने ठणका सोसत राहतं. वरचा डावा सुळा काढावा लागला. घरचे सांगत होते की ही गेल्या वर्षापासून फार तापट झाली आहे, त्याचं निदान एक कारण इथे सापडलं.

मग क्षय. माणसाचा क्षय माकडाला सहज लागतो आणि एका माकडापासून अख्खं केंद्र रिकामं होऊ शकतं. म्हणून घरच्यांना विचारायचा पहिला प्रश्न "काय खाते?" हा नसून "घरात कुणाला टीबी झाला होता का?" हा असतो. आजोबांना चार वर्षांपूर्वी झाला होता. ट्यूबरक्युलिनची चाचणी माकडात वरच्या पापणीच्या कातडीत करतात, ०.१ मिली. पापणीच का, तर सूज आली की लांबूनच दिसते, पुन्हा पकडावं लागत नाही. २४, ४८ आणि ७२ तासांनी बघायचं. दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन चाचण्या कोऱ्या गेल्या तेव्हाच सखू क्वारंटाइनमधून सुटली. विष्ठेत अमीबा निघाला, त्यावर उपचार झाले.

तिच्याजवळ जाणाऱ्याला मास्क, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. आशियातल्या या माकडांत बी व्हायरस असतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही. माणसात तो क्वचितच येतो, पण आला तर जिवावर बेततो. चावा किंवा ओरखडा बसला की जागच्या जागी १५ मिनिटं साबणाच्या पाण्यानं धुवायचं, घड्याळ लावून. नंतर डॉक्टर, आणि रेबीजची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. "घरचंच माकड आहे, त्याला काय होतंय" हे वाक्य केंद्रात चालत नाही.

चहाचा प्रश्न

घरून मिळालेला रोजचा हिशेब असा: सकाळी अर्धा कप चहा आणि चार ग्लुकोज बिस्किटं, मग शेव घातलेले पोहे, दुपारी तूप लावलेली पोळी, दिवसभरात पाच-सहा केळी, संध्याकाळी चिवडा. सोडायला आलेल्या आजींनी पिशवीतून स्टीलचा छोटा पेला काढून दिला.

"तिला चहा लागतो रे बाबा. नाही दिला तर दिवसभर चिडचिड करते, हात चावून घेते."

"हळूहळू सोडवू, आजी."

"एकदम नका तोडू. माणसाचंसुद्धा डोकं धरतं."

आजींचं म्हणणं शास्त्रालाही धरून होतं, फक्त कारण वेगळं. लठ्ठ माकडीण एकाएकी जेवायची थांबली तर शरीरातली चरबी यकृतात जमा होते, मूत्रपिंडं खचतात आणि काही दिवसांत जनावर जातं. नवी जागा, नवा वास आणि वर समोर फक्त पालेभाजी, हे तिघं एकत्र आले की सखूसारखी मादी उपास धरते. म्हणून पहिले दहा दिवस चहा-बिस्किट चालूच ठेवलं, मोजून. नियम एकच: २४ तास पोटात काही गेलं नाही तर पशुवैद्यांना फोन, ४८ तासांची वाट बघायची नाही.

नंतर चहात दूध कमी, मग साखर कमी, मग पत्ती कमी, असं करत सहाव्या आठवड्यात पेल्यात कोमट पाणी आलं. तेही ती पेला दोन्ही हातांत धरून, फुंकर घातल्यासारखे ओठ करून प्यायची. पेला मात्र काढून घेतला नाही. त्यात औषध देता येतं ही मोठी सोय होती.

शेवटी बसवलेला रोजचा शिधा असा. सुके ३० ग्रॅम भरतील एवढे हरभरे भिजवून, ४० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, साडेतीनशे ग्रॅम भाज्या (दुधी, काकडी, गवार, कोबी, मेथी), ८० ते १०० ग्रॅम फळ आणि सालासकट दहा-बारा शेंगा. आठवड्यातून दोनदा अर्धं उकडलेलं अंडं. फळ एवढंच का, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. बाजारातलं केळं रानातल्या फळापेक्षा कितीतरी गोड असतं. इंदूरच्या चोइथराम मंडीतून दान म्हणून केळ्यांचे घड येतात तेव्हा नाही म्हणताना फार जड जातं, पण म्हणावं लागतं. फळात पेरू किंवा आवळा आधी. माकड असो की चिंपांझी, माणसासारखंच त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही.

हा शिधा एका ताटलीत द्यायचा नाही. चार वेळा, विखरून. शेंगा आणि हरभरे वीतभर गवताच्या थरात टाकायचे, भाकरीचे तुकडे बांबूच्या नळीत बोट जेमतेम जाईल अशा भोकांआड. जे ताटलीत चार मिनिटांत संपतं त्याला असा तास लागतो. रिकामे हात स्वतःच्याच अंगाकडे वळतात. सखू डाव्या हाताचं मनगट चावायची, तेही नेमकं कीपर पाठ फिरवून निघाला की. म्हणून एक घास निघतानाच टाकायचा, निरोपाच्या वेळी तिचे हात कामात असले पाहिजेत. ही युक्ती सरळ चिंपांझींच्या वहीतली. ती जशीच्या तशी चालली.

वजनासाठी तिला पकडलं नाही. बसायच्या फळीखाली काटा बसवला आणि दर दहा दिवसांनी आकडा वाचला. आठवड्याला १०० ग्रॅमच्या वर उतरू द्यायचं नाही, असं ठरलं होतं. मार्चमध्ये काटा ८ किलो २०० ग्रॅमवर आला.

पिंजरा

इथे वही पहिल्यांदा चुकली. चिंपांझीला पोहता येत नाही, म्हणून बेट किंवा पाण्याचा खंदक त्याला अडवायला पुरतो आणि वर छप्पर लागत नाही. ऱ्हीसस उत्तम पोहतं. केंद्रानं आधी आखलेला खंदक शेवटी आंघोळीची कुंडी ठरला. चारही बाजूंनी आणि वरूनही २५ मिमीची वेल्ड जाळी घ्यावी लागली, कारण त्याहून मोठ्या चौकटीतून हात बाहेर येतो आणि चष्मा, केस, मोबाइल जे हाती लागेल ते आत जातं. दोन खोल्या, मध्ये बाहेरून दोरीनं ओढायचा सरकता दरवाजा, आणि कीपरच्या वाटेला एकामागे एक दोन दारं. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. कडी-कोयंडा माकड दोन दिवसांत शिकतं, त्यामुळे कुलूपच हवं.

चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवं अंथरूण करतात, म्हणून तिकडे रात्री गवत आणि डहाळ्या देतात. माकड घरटं करत नाही. ते एकमेकांना बिलगून बसल्या बसल्या झोपतं. त्याला हवी उंच, रुंद, दोघं-तिघं चिकटून बसतील अशी फळी. माळव्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा फळीच्या तिन्ही बाजूंना बारदान. दिवा लावायचा तर जाळीच्या बाहेर.

पहिली जोडणी, आणि ती का फसली

केंद्रात पाच माकडांचा एक जुना कळप होता. एक म्हातारी मादी, तिच्या दोन वाढलेल्या लेकी, एका लेकीचं पोर आणि एक नर. वहीप्रमाणे पायऱ्या ठरल्या: आधी लांबून नजर, मग एकमेकांचा वास, मग जाळीआड शेजार, मग दार. चिंपांझींत नवी मादी कळपात आणताना नरांचा आधार मिळतो. जुन्या बायका नव्या मादीवर धावून गेल्या तर नर मध्ये पडतात. इथेही नर जाळीशी येऊन सखूकडे बघत ओठ चटचट वाजवू लागला. माकडांत ही सलोख्याची खूण. सहाव्या दिवशी दार उघडलं. महिना नोव्हेंबर.

चार मिनिटांत सगळं संपलं. धाकटी लेक धावून आली, पाठोपाठ थोरली, मग म्हातारी. सखू पळाली ती सुटकेच्या भोकाकडे न जाता कीपरच्या दाराकडे. आयुष्यभर तिला संकटात माणसाकडे धावायची सवय. ते दार बंद होतं, आणि कोपरा म्हणजे सापळा. पाण्याच्या पाइपानं जमाव फोडून सरकता दरवाजा पाडला तोवर शेपटीचं टोक, मांडी आणि दोन बोटं फाटली होती. शेपटीचं पाच सेंटिमीटर टोक पुढे कापावं लागलं.

चुका तीन होत्या. सगळ्यात मोठी नात्यागोत्याची. चिंपांझींत मुलगा घरी राहतो आणि मुलगी वयात आली की दुसऱ्या टोळीत नांदायला जाते. नवी सून येणं हा त्यांच्या रीतीचाच भाग आहे. ऱ्हीससांत उलटं. तिथे मुलगी माहेर कधीच सोडत नाही. आई, लेकी, नाती एका वाड्यात जन्म काढतात आणि घर सोडून जातो तो नर. बाहेरून येतो तो घरजावई. अनोळखी वाढलेली मादी त्यांच्या घरात येण्याची रीतच नाही. त्यात लेकी-बहिणी एकवटल्या की नराचंही काही चालत नाही, तो बाजूला उभा राहिला. थोडक्यात, चिंपांझींत परका वाढलेला नर आणताना जी धास्ती घ्यायची, ती ऱ्हीससांत परक्या वाढलेल्या मादीबद्दल घ्यायला हवी होती. वहीतला प्राणी बदलला होता, पण ओळ तीच राहिली होती.

दुसरी चूक मोसमाची. आपल्याकडे ऱ्हीससचा मिलनाचा हंगाम पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमाराला असतो. नराचं ओठ वाजवणं खोटं नव्हतं, पण त्यामागे ऋतू होता, आणि त्याचं तिच्याकडे झुकणं लेकींना सहन होणारं नव्हतं.

तिसरी चूक चित्रणात सापडली. चित्रण पुन्हा पुन्हा थांबवून पाहिल्यावर दिसतं की सखू धावून येणाऱ्या मादीच्या डोळ्यांत डोळे घालून उभी आहे. रामबागेत तिला कुणी हाक मारली की ती अशीच तोंडाकडे बघायची आणि कौतुक व्हायचं. माकडांच्या भाषेत रोखून बघणं ही सरळ धमकी. मान वळवणं, पाठ देऊन बसणं, दात दाखवून "मी लहान, तुम्ही मोठ्या" असं कबूल करणं, यातलं तिला काहीच येत नव्हतं. पाहुणे ज्याला हसणं समजतात ते दात विचकणं खरं तर शरणागती असते, आणि आठ वर्षांत सखूवर शरण जायची वेळच आली नव्हती.

आधी पोरं

ही भाषा तिला कोण शिकवणार? १९७२ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला हार्लो आणि सुओमी या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की पहिले सहा महिने एकटं कोंडलेलं माकड त्याच्या वयाच्या माकडांत सोडलं तर मार खातं, पण त्याच्याहून तीन महिन्यांनी लहान पोरीबरोबर ठेवलं तर हळूहळू माणसात, म्हणजे माकडात, येतं. लहान पोर मारत नाही, ते फक्त चिकटतं. (कोंडण्याचे ते प्रयोग क्रूर होते. निष्कर्ष वापरताना हेही लक्षात असावं.)

केंद्रात गेल्या उन्हाळ्यात जन्मलेली दोन अनाथ पोरं होती, दहा महिन्यांची. फेब्रुवारीत त्यांना सखूच्या शेजारी आणलं. या वेळी जाळीआडचा शेजार तीन आठवडे. मोठं दार उघडलंच नाही. जाळीत १२ बाय १२ सेंटिमीटरचं भोक केलं. त्यातून पोर जातं, सखू जात नाही. पोराला भीती वाटली की परत पळायला त्याची स्वतःची वाट, आणि कुठल्याही कोपऱ्यात अडकणं नाही. पहिल्या दिवशी वीस मिनिटं, मग रोज थोडी जास्त. रात्री वेगवेगळं. शेंगा एकाच ठिकाणी न टाकता सहा ठिकाणी.

पहिले तीन दिवस पोरं आत येऊन तिच्या शेंगा पळवत आणि ती किंचाळून वरच्या फळीवर जाऊन बसे. चौथ्या दिवशी धाकटं पोर सरळ तिच्या पोटाला लटकलं. सखूनं दोन्ही हात हवेत तसेच धरले, जणू ओलं काहीतरी अंगावर सांडलंय. असं बराच वेळ. मग एक हात खाली आला, पोराच्या पाठीवरचे केस बोटानं उलटे झाले आणि ती वाकून त्यात बघू लागली. आठवडाभरात दोन्ही पोरांचं अंग रोज तपासलं जाऊ लागलं. मनगट चावणं एकदम गेलं नाही, पण चिकटलेलं पोर अंगावर असताना ती ते करत नाही, हे नोंदीत स्पष्ट दिसतं. मार्चअखेर तिघं एका फळीवर झोपू लागली.

मेमध्ये, हंगामाच्या बाहेर, नर आणला. जुन्या कळपातला नाही, मदाऱ्याकडून जप्त झालेला, एकटाच असलेला. (माकडांचे खेळ १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनं बंद झाले आहेत, तरी यात्रांमधून अजून असे प्राणी येतात.) नसबंदी झाल्यावर दोन महिने थांबून मगच त्याला मादीजवळ सोडलं, कारण शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे बीज उरतं. केंद्रात नवी पिल्लं नको असतात. जागा आहे ती येणाऱ्यांनाच पुरत नाही. तिसऱ्या दिवशी नरानं भाकरी हिसकावली. सखूनं त्याच्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि दात दाखवले.

रानात सोडायचा विचार पहिल्या आठवड्यातच बाजूला ठेवला होता. परक्या टोळीत तिची गत नोव्हेंबरसारखीच होईल, नाहीतर ती पहिल्या दिसेल त्या गच्चीवर चहा मागायला जाईल. ही माकडं सांभाळात पंचवीस-तीस वर्षं जगतात. म्हणजे पुढची वीस वर्षं शिधा, कुलपं आणि कीपर लागणार.

आजींना भेटायला सहा महिने मनाई होती. जूनमध्ये त्या आल्या आणि बाहेरच्या कुंपणापाशी उभ्या राहिल्या. हाक मारायची नाही, एवढीच अट.

"ओळखलं नाही वाटतं तिनं मला."

"ओळखलंय, आजी. बघा, तुमच्याकडे बघून तिनं मान वळवली. आता तिला तेवढंच येतं."

ऑक्टोबर जवळ आहे. नर तापट होईल, म्हणून दुसरी रात्रीची खोली तयार करून ठेवली आहे आणि दोन्ही खोल्यांना दोन-दोन वाटा आहेत. पोरं दीड वर्षाची झाली, तरी १२ सेंटिमीटरचं भोक अजून उघडंच ठेवलं आहे. धाकटं त्यातून जेमतेम निघतं.